रज्जाक सर आणि टाकून दिलेले रन

स्टाफरूममधल्या खुर्च्या हलवलेल्या देशमुख सरांना चालत नसत. ते फिजिक्सचे हेड, कॉलेजातले सर्वांत जुने, आणि स्टाफरूम ही त्यांना आपल्या घराची ओसरी वाटायची. रज्जाक सरांनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन खुर्च्या ओढून खोलीच्या मध्यावर आणल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. याला कारण मी होते. मी कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचे. त्यांना तिथलं एक मशीन हवं होतं, आणि कशासाठी हवं ते विचारल्याशिवाय मी कोणालाच मशीन देत नसे.

"पीएचडीचं काम आहे, मॅडम. दोन कपल्ड क्वांटम डॉटमधून करंट कसा जाते आणि त्याचा नॉइज किती, ते काढून राह्यलो."

"मराठीत सांगा."

त्यांनी खुर्च्या ओढल्या. "ही एक खुर्ची म्हंजे एक डॉट. इतकी लहान जागा, का एका वेळी एकच इलेक्ट्रॉन बसते. इकडून येते, बसते, तिकडून उठून जाते. असं येणं-जाणं चालू राह्यलं का आपण त्याले करंट म्हणतो. आता ही शेजारची. हिच्यावर कोणी येऊन बसलं, तर पहिलीवर बसाले कोणी येत नाही. दोघाइचा चार्ज सारखा, एकमेकाइचं पटत नाही."

तेवढ्यात देशमुख सर तास संपवून आले आणि समोर दिसली त्या खुर्चीवर बसले. झूऑलॉजीचा एक नवा मुलगा दुसऱ्या खुर्चीकडे निघाला होता. सरांना पाहून तो सरळ खिडकीकडे वळला आणि बाहेरची झाडं पाहू लागला. रज्जाक सर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पाह्यलं? झाला करंट बंद."

मशीन मिळालं.

ते घड्याळी तासिकेवर होते. म्हणजे जितके तास घ्याल तितक्याचे पैसे, उन्हाळ्यात काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. विभागात एक कायम जागा भरायची होती आणि तिला पीएचडी लागणार होती. या जागेसाठीच ते अकोल्याहून रोज पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरत, तिथून ऑटोने अमरावतीत येत आणि संध्याकाळी तसेच परत जात. हे त्यांनी कधी लपवलं नाही. "मॅडम, मले दोनच गोष्टी पाहिजेत. एक ही जागा, आणि दुसरी हे उत्तर. कोणती आधी भेटते ते पाहू."

दिसायला काही विशेष नाही. उंच, थोडे पोक काढून चालणारे. शर्ट रोज स्वतः इस्त्री केलेला. बाहीची घडी पाहिली की कळायचं, कारण ती दोन्ही बाजूंना अगदी सारखी असे. चहा नेहमी बशीत ओतून प्यायचे. कोणी काही बोललं की लगेच उत्तर देत नसत, आधी "बरं" म्हणत. विद्यार्थी त्यांची नक्कल करायचे. वर्गात एखाद्याने भलतंच उत्तर दिलं तरी "बरं" आणि मग विचार. त्यामुळे त्यांच्या तासाला भलती उत्तरं पुष्कळ यायची, आणि मुलं वर्गात बसायची. त्या दिवसांत मुलं वर्गात बसणं ही मोठी गोष्ट होती. कापसाचे भाव पडलेले, गावांतून रोज वाईट बातम्या. पोळ्यापर्यंत वर्ग भरलेला असे, वेचणी सुरू झाली की निम्मा. संक्रांतीनंतर जी मुलं परत येत ती येत, बाकीची पुण्याला कुठल्या तरी कंपनीत पॅकिंगला लागत. हजेरीतून त्यांची नावं कमी व्हायची. त्यावर कोणी बैठक घेतल्याचं मला आठवत नाही.

एकदा पेपर तपासायला मी अकोल्याला गेले होते. काम लवकर संपलं, म्हणून सर मला चहाला घरी घेऊन गेले. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात त्यांच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नात मुलीला देतात त्या पेट्या, फुलं रंगवलेल्या. पूर्वी लग्नसराईत गल्लीत पाय ठेवायला जागा नसे म्हणे. मी गेले तेव्हा चार-दोन दुकानंच ठोकत होती. लोक आता पेटीऐवजी कपाट देत होते, किंवा काहीच देत नव्हते. सर गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि मला म्हणाले, "डोळे मिटा."

"मी रस्त्यात डोळे मिटत नसते."

"बरं. उघडे ठेवून ऐका. आवाज किती आहे ते सोडून द्या. तो कसा कमी-जास्त होते ते ऐका. तिसऱ्या दुकानातला कारागीर नवा आहे. त्याचे ठोके कधी दाट पडतात, कधी पातळ. आमच्या अब्बाचे ऐका, एकसारखे. दिवसभरात दोघंही सारखेच ठोके मारतील. पण माणूस कोणता कसा आहे, ते ठोक्याच्या बेरजेतून नाही समजत. बेरीज म्हंजे करंट. हे कमी-जास्त होणं, तो नॉइज."

इतकं सोपं मला पुन्हा कोणी सांगितलं नाही.

अब्बा बोलायला मोजके होते. मी चहा घेत होते तेव्हा अंधार पडायला आला, आणि त्यांनी समोरच्या पेटीच्या बाजू पुन्हा सुट्या करायला घेतल्या. झाकण बसवायचं राहिलं होतं, एवढंच. मी म्हटलं, राहू द्या ना, सकाळी बसवा.

"नहीं बेटी. अधूरा माल रात को दुकान में नहीं रखते. सुबह नए सिरे से."

"पण मेहनत वाया जाते."

"जाती है," ते म्हणाले आणि पत्रा सरळ करू लागले. मला ते वेडेपणाचं वाटलं. सरांना मात्र बापाचा अभिमान वाटत होता, तो त्यांच्या तोंडावर दिसत होता. परत जाताना म्हणाले, "काल अर्धी केलेली पेटी आज पुरी केली तर जोड कुठं ना कुठं दिसतेच. आमच्या दुकानाची पेटी म्हणूनच चालते." दुकान आता फारसं चालत नव्हतं, हे मी बोलले नाही.

आता त्यांचं काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात ते दोन डॉट, आणि त्यांतून एकेक करून जाणारे इलेक्ट्रॉन. ठरावीक इलेक्ट्रॉन पार झाले की एक रन संपला. त्याला किती वेळ लागला, तो आकडा घ्यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून दुसरा रन. असे शेकडो. सगळ्या रनना जवळपास सारखाच वेळ लागत असेल तर इलेक्ट्रॉन शिस्तीत, रांगेत चालले आहेत, म्हणजे नॉइज कमी. एखादा झटपट आणि एखादा फार रेंगाळत असेल, तर ते झुंडीने जातात आणि मध्येच अडकतात, म्हणजे नॉइज जास्त. एवढंच ठरवायचं होतं. कमी की जास्त.

आमची मशीनं जुनी होती. रनमधला प्रत्येक क्षण मोजत जायची, म्हणून एका रनला तासाच्या वर लागायचं, कधी दोन, कधी त्याहून जास्त. आणि ती भारनियमनाची वर्षं. वीज सकाळी जाई, दुपारी येई, पुढच्या आठवड्यात वेळ उलटी. गावांत तर दिवस दिवस नसे. कॉलेजचं जनरेटर प्रिन्सिपलच्या केबिनला आणि परीक्षा विभागाला जोडलेलं. लॅबच्या बॅटऱ्या इतक्या म्हाताऱ्या की मशीन नीट बंद करण्यापुरतीच वीज देत. वीज जायची तेव्हा शिपाई मोतीराम दारात येऊन विचारायचा, "सर, किती रन झाले?"

"तीन."

"आन् औट किती?"

"दोन."

जे औट, ते सर फेकून देत. वीज आली की नव्या रनपासून सुरुवात. मी त्यांना सांगितलं, प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घालते, बंद करताना जिथवर आलाय ते साठवून ठेवेल आणि वीज आल्यावर तिथून पुढे चालेल. माझ्या दृष्टीने हे अगदी साधं काम होतं.

"बरं," ते म्हणाले. विचार केला. "नको मॅडम. जोड नको. पुरा झाला तो आपला. अर्धा राह्यला तो नाही आपला."

"तुमच्या गाईडला विचारा तरी."

त्यांनी विचारलं. गाईड विद्यापीठातले, निवृत्तीला आलेले, म्हणाले, अपुरा डेटा घेऊच नका, स्वच्छ काम करा. विषय संपला. दोन-तीन वर्षं ते असंच चाललं. आणि उत्तर आलं ते सगळ्यांना चकित करणारं. खुर्च्यांच्या हिशोबाने पाहिलं तर शेजारी कोणी येऊन बसलं की गर्दी अडणार आणि तो उठला की झुंड सुटणार. नॉइज वाढायला हवा. सरांचे आकडे म्हणत होते, कमी होतो. शेजार मिळाला की करंट शांत होतो.

"वाटते तसं नाही निघालं, यातच थिसिस आहे, मॅडम," ते म्हणाले. फार खूश होते त्या दिवशी. मोतीरामलाही चहा पाजला.

त्याच वर्षी जूनमध्ये झालेली मुलाखत मला माहीत आहे, कारण तासिकेच्या मुलाखतींना लॅबच्या वतीने मी आत बसायचे. समितीत संस्थेचे एक पदाधिकारी होते. माणूस वाईट नाही, आपल्या भागाची काळजी असलेला. त्यांनी विषय ऐकला आणि विचारलं, "याचा आपल्या शेतकऱ्याले काय फायदा?"

त्या काळात हा प्रश्न सगळ्यांना विचारत. आणि उत्तरं तयार असत. केमिस्ट्रीवाले खत म्हणायचे, बॉटनीवाले बोंडअळी म्हणायचे. देशमुख सरांनी रज्जाक सरांना आदल्या दिवशी सांगूनही ठेवलं होतं, की सांगा, यातून पुढे जमिनीतला ओलावा मोजायचं यंत्र होऊ शकते. एक वाक्य म्हणायचं होतं.

सर म्हणाले, "बरं." सगळे थांबले. "काहीच नाही, सर."

"काहीच नाही?"

"आज नाही. उद्याचं मले माहीत नाही. खोटं सांगून तुमाले खूश करू शकतो, पण शेतकऱ्याले तरी त्यातून काय भेटन?"

पदाधिकारी हसले. देशमुख सर हसले नाहीत. तासिका मिळाली, कारण त्या पैशात दुसरं कोणी येणार नव्हतं. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, एक वाक्य बोलायला काय जात होतं. ते म्हणाले, "एक बोललो असतो तर दरवर्षी तेच बोलावं लागलं असतं." मला तेव्हाही हे पटलं नाही.

थिसिस जमा झाला. परीक्षकांचे अहवाल बरे आले. व्हायवाचा दिवस ठरला आणि कायम जागेची जाहिरात त्याच महिन्यात निघाली. सगळं इतकं जुळून आलं की देशमुख सरसुद्धा म्हणाले, चला, माणसाचं भलं झालं.

व्हायवा विद्यापीठाच्या छोट्या हॉलमध्ये होती, कोणीही येऊन बसावं अशी. प्रोजेक्टर लावायला मी गेले होते. उमेदवाराने जेवण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. नसरीन भाभी, सरांची बायको, पहाटेच नणंदेला घेऊन अकोल्याहून आल्या होत्या. मागच्या व्हरांड्यात पुलावाची देगची, डाळ-मटणाचा दालचा, आणि शाकाहारी लोकांसाठी वेगळ्या भांड्यांत वेगळ्या हातांनी केलेलं पोळी-भाजीचं जेवण. ते त्यांनी शेजारच्या एका ब्राह्मण बाईंकडून करून आणलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होत्या, म्हणजे कोणी उपाशी जाऊ नये.

बाहेरचे परीक्षक दुसऱ्या राज्यातून आले होते. वयस्कर, बारीक आवाजाचे, विद्यार्थ्यालाही "सर" म्हणणारे. सरांनी चांगलं मांडलं. इंग्रजी थोडं अडखळलं, पण विषय पाठ होता. टाळ्या झाल्या. मग परीक्षकांनी अगदी सहज विचारलं. ते इंग्रजीत बोलले, मी आपल्या भाषेत सांगते.

"जे रन पूर्ण झाले नाहीत, त्यांचं तुम्ही काय केलंत?"

"काढून टाकले, सर."

"पूर्ण का झाले नाहीत?"

"वीज जायची."

हॉलमध्ये हशा पिकला. आम्ही सगळेच त्यातून गेलेले. मागून कोणी तरी म्हणालं, "आमच्याकडे यंदा तेच एक पीक जोरात आहे." परीक्षक हसले नाहीत. त्यांना बहुधा कळलंच नव्हतं. त्यांच्या शहरात वीज जात नसावी.

"असं होय. पण मग," ते म्हणाले, "वीज जायच्या आत कोणते रन संपत असतील आणि कोणते राहत असतील?"

रज्जाक सरांनी "बरं" म्हटलं. मराठीतच. आणि ते होते तसेच उभे राहिले. मी प्रोजेक्टरजवळ होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांनी पडद्यावरच्या आपल्या आलेखाकडे पाहिलं. तो खाली खाली जात होता, सुबक. मग ते म्हणाले, "सर, जे अडकले ते राहिले."

"मलाही तसंच वाटलं," परीक्षक म्हणाले.

"जे झटपट गेले तेच पुरे झाले. मी तेवढेच मोजले, म्हणून सगळ्यांचा वेळ सारखा दिसला." ते परीक्षकांशी बोलत आहेत असं वाटत नव्हतं. "मग माझं उत्तर चुकलेलं नाही, सर. उलटं आहे."

गाईड उठून उभे राहिले. म्हणाले, किरकोळ दुरुस्ती आहे, मर्यादा म्हणून एक परिच्छेद घालू. परीक्षक खरोखर भला माणूस होता. त्यांनीही मान हलवली. म्हणाले, पद्धत तुमची आहे, मेहनत तुमची आहे, ही मर्यादा एका ओळीत लिहा, मी आजच सही करतो, पुढचं काम पदवीनंतर करा. देशमुख सर पहिल्या रांगेतून हळूच म्हणाले, "हो म्हण रे बाबा."

सरांनी बसायची परवानगी मागितली. बसले. बाहीची घडी नीट केली. मग उठून म्हणाले, "ओळीत नाही बसत, सर. थिसिसचं नावच तेच आहे." आणि थिसिस परत मागितला. दुरुस्त करून पुन्हा देईन म्हणाले.

मला राग आला. अजून येतो. त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या थिसिसमध्ये किती काय होतं, हे मला ठाऊक होतं. निम्म्यांचं टायपिंग माझ्या लॅबमध्ये झालं होतं. एक सही, आणि माणूस आयुष्यभरासाठी सुटला असता. नंतर करायचं होतं ते खरं काम, कोणी अडवलं होतं?

व्हरांड्यात नसरीन भाभींनी मला हाताला धरून थांबवलं. "हो गया ना मॅडम? डॉक्टर हो गए?"

"नाही," मी म्हटलं. हे घोळवून सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी माझा हात सोडला. मग वळून नणंदेला म्हणाल्या, "पुलाव गरम है तब तक लगा दो. लोग दूर से आए हैं." सगळे जेवले. पुलाव उत्तम होता, सगळ्यांनी तसं सांगितलं. परीक्षकांनी दोनदा भाजी घेतली. सर वाढत होते.

संध्याकाळी बडनेऱ्याच्या ऑटोसाठी आम्ही गेटवर उभे होतो. भाभी आणि नणंद रिकामी भांडी घेऊन आधीच्या ऑटोने गेल्या होत्या. सर रस्त्यावर ऑटो दिसतो का पाहत होते. मग म्हणाले, "आपलं कॉलेज निकाल कसा काढते, मॅडम?"

"कसा म्हणजे?"

"जे परीक्षेले बसले त्याइच्यातून टक्के काढते. दिवाळीनंतर जे आलेच नाहीत, ते त्याच्यात नसतात. दरवर्षी निकाल चांगला लागते. दरवर्षी मीच तो फळ्यावर लिहितो." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "मले सवयच होती."

मी म्हटलं, "सर, ऑटो आला."

त्या उन्हाळ्यात लॅब रिकामी होती, सगळ्या मशीनवर एकदम लावून त्यांनी सगळे रन पुन्हा केले. पगार नव्हता तरी रोज येत. मी त्या दोन ओळी घातल्या, रन साठवणाऱ्या. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही. वीज जाई, येई, अर्धे रन पुढे चालत. काही रन तर चार-चार दिवस संपत नसत. एक इलेक्ट्रॉन शेजारच्या डॉटवर बसलेला, हलायला तयार नाही, आणि कॉम्प्युटर आपला प्रत्येक क्षण मोजतोय. मोतीराम विचारायचा, "सर, याले काय झालं? झोपला का?" सर म्हणायचे, "बसू दे. त्याले उठवाचं नाही. तो किती बसते तेच पाहाचं आहे."

मृग लागायच्या सुमारास आलेख पुरा झाला. त्यांनी मला बोलावून दाखवला. रेघ सरळ वर गेली होती. "पाहा मॅडम," ते म्हणाले, "कसा चढला. खुर्च्यावालं उत्तरच खरं होतं." ते आनंदात होते. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. दुपारी जेवणाचा डबा त्यांनी तसाच परत नेला, खायचं लक्षातच राहिलं नाही.

उत्तर बरोबर होतं, यात शंका नाही. कारण तेच उत्तर बाहेरदेशी लोकांनी केव्हाच छापलं होतं. चुकीचं होतं तोवर ते नवं होतं. बरोबर झालं आणि जुनं झालं. पुन्हा जमा करायचं तर त्यात नवं काही हवं, असं विद्यापीठ म्हणालं. तोवर नोंदणीची मुदत संपली. गाईड निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला राहायला गेले. नव्या गाईडकडे जागा नव्हती. कायम जागेवर नागपूरकडचा एक मुलगा लागला. धातूंच्या पातळ थरांवर पीएचडी केलेला, व्यवस्थित शिकवायचा, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या जूनमध्ये फिजिक्सची एक तुकडी मुलांअभावी बंद झाली आणि तासिकांची गरज उरली नाही. सर निरोप घ्यायला लॅबमध्ये आले, मोतीरामशी हात मिळवला, मला म्हणाले, "मशीन साफ करून ठेवलं, मॅडम." साफ म्हणजे सगळं पुसून टाकलेलं. नवे रनही.

"ते तरी ठेवायचे," मी म्हटलं.

"कोणासाठी?"

मी मशीन बंद केलं.

नंतर कानावर यायचं. अब्बा गेले. दुकान भाड्याने दिलं, तिथे मोबाइलचं रिचार्ज मिळतं. सर कुठे कुठे शिकवतात. मी फोन करत नसे. करून बोलायचं काय?

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या प्रवेशासाठी अकोल्याला गेले. तिला मेडिकलच्या परीक्षेचा क्लास लावायचा होता. आता सगळा वऱ्हाड पोरं घेऊन अकोल्यालाच येतो. एका रस्त्यावर क्लास, वसतिगृहं, मेस, झेरॉक्स, दुसरं काही नाही. गावाकडची माणसं वावर विकून पोरीला तिथे आणून ठेवतात, आणि त्यांतल्या किती जणींना डॉक्टर होता येतं ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही ज्या क्लासमध्ये गेलो त्याच्या दर्शनी भिंतीवर तीन मजली फ्लेक्स होता. त्यावर शिक्षकांचे फोटो. खालच्या ओळीत, डावीकडून दुसरे, रज्जाक सर. केस पिकलेले. फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'प्रा. डॉ. रज्जाक सर, फिजिक्स'.

मी भाचीला आत पाठवलं आणि पायऱ्यांजवळ उभी राहिले. तास सुटला. मुलांच्या लोंढ्यातून सर खाली आले, पोक जास्त वाढलेलं. मला ओळखलं. "बरं," म्हणाले, मग हसले. मी भाभींची चौकशी केली, त्यांनी देशमुख सरांची केली. देशमुख सर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मुलगी फार्मसीला आहे म्हणाले.

मी वर फ्लेक्सकडे पाहिलं. मला आडून विचारता येत नाही. "झाली का पीएचडी?"

"नाही."

"मग हे?"

"मालकाने छापलं. मी सांगतलं त्याले, काढा म्हणून. तो म्हणते, सर, बाकी सगळ्या क्लासवाल्याइचे डॉक्टर आहेत, आपलाच नसन तर पोट्टे येत नाहीत." त्यांनी रुमालाने हातावरचा खडू पुसला. "पह्यल्या वर्षी भांडलो. दुसऱ्या वर्षी नवा फ्लेक्स आला, त्याच्यावरही तेच. मग सोडून देलं."

"सोडून दिलं," मी म्हटलं.

"हो."

मला त्यांना त्या हॉलची आठवण करून द्यायची नव्हती. गरजही नव्हती. ते माझ्याकडे पाहत नव्हते, रस्त्यापलीकडच्या मेसच्या पाटीकडे पाहत होते.

वरच्या मजल्याच्या कठड्यावरून एका मुलीने वाकून हाक मारली, "डॉक्टर सर, बॅच बसली."

"आलो," ते म्हणाले, आणि माझा निरोप घेऊन जिना चढू लागले.